हजर होती म्हणे

जानेवारीतल्या ज्या मंगळवारी त्या पोरीच्या डाव्या हाताच्या बोटाला तीन टाके पडले, त्या मंगळवारी ती शाळेत हजर होती. हे मी म्हणत नाही, हजेरीपत्रक म्हणतं. टाके पडले कृष्णाकाठच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. हजेरी लागली जत तालुक्याच्या पूर्व टोकाला, तिथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. केसपेपर सरकारी, हजेरीपत्रकही सरकारी, आणि तारीख दोन्हीकडं तीच. वर्ष झालं, पण रात्री जाग आली की हे पहिलं आठवतं. बायको म्हणते, तुम्हाला दुसरं काही नाही का? दुसरं पुष्कळ आहे. पण हेच आठवतं.

थोडं मागचं सांगतो. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. 2021 साली संप सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला एवढा मोकळा वेळ मिळाला. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, पण गावाखालचा ओढा ओलांडला की सांगली. दिवाळी झाली की ओढ्याच्या कडेला ऊसतोडीची टोळी उतरते. कोप्या लागतात, चुली पेटतात, पहाटे चारला टायरगाड्यांचा आवाज सुरू होतो. उचल, मुकादम, कोयता हे इकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता, जोडीमागं लाखाच्या आसपास उचल, आणि ती फिटेपर्यंत फड सोडायचा नाही. आईबाप फडात गेले की पोरं कोपीवर. आमच्याकडं उसात बिबटे आहेत. कराड, पाटण, शिराळा या बाजूला आता ती बातमीसुद्धा राहिलेली नाही. अंधार पडायच्या वेळी ती पोरं एकटी दिसायची म्हणून मी जाऊन बसायला लागलो. पहिलं कारण एवढंच.

मग आणखी चारजण आले. दोन निवृत्त शिक्षिका, एक मेडिकलवाला, एक कॉलेजातला पोरगा. आमची संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. ठरवलं एवढंच की प्रत्येकानं एक-दोन पोरं आपली मानायची आणि हंगामभर त्यांच्या मागं राहायचं. अभ्यास, दवाखाना, शाळा, जे लागेल ते. टोळी पुढच्या साली आलीच तर तीच पोरं परत त्याच माणसाकडं. शिक्षिका बाईंनी याला 'शैक्षणिक पालक' असं भारदस्त नाव दिलं. टोळीतली माणसं विचारायची, 'ही कुणाकडं?' आणि पोरं सांगायची, 'एसटीवाल्या अज्जाकडं.'

अज्जा, कारण टोळी जतची. ऊसतोड म्हटलं की लोकांना बीड आणि पाथर्डीच आठवते. पण जतच्याही टोळ्या येतात, आणि पूर्वेकडच्या गावांत घरात कानडी चालते. 2022च्या अखेरीला कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या 40 गावांवर हक्क सांगितला, तेव्हा चार दिवस सगळ्या पेपरांना जत कुठं आहे ते कळलं होतं. जिल्हा तोच सांगली. एका टोकाला वाळव्याचा ऊस, दुसऱ्या टोकाला जतची माळरानं आणि माडग्याळची मेंढरं. म्हैसाळ योजनेचं पाणी पोचलं तिथं डाळिंब आणि द्राक्षं दिसतात. जिथं नाही पोचलं तिथली माणसं आमच्या ओढ्याला.

माझ्या वाट्याची पोरगी पहिल्यांदा आली तेव्हा चौथीत होती. नाव लिहीत नाही. शाळा गावची जिल्हा परिषदेची, माध्यम कानडी. मी मराठी अंकलिपी घेऊन गेलो तर तिनं ती उलटीसुलटी करून बघितली आणि परत दिली. तोंडी हिशेब मात्र असा की मी गार. बापाचा आठवड्याचा माल किती टन, मुकादमानं किती कापले, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून किती आले, सगळं तिच्या जिभेवर. 2024च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला तेव्हा नवा हिशेब टोळीत सगळ्यात आधी तिनं केला. पण कागदावर भागाकार मांडायला सांगितला की पेन्सिल चावत बसायची. कारण कागदावरचे आकडे मी देवनागरीत लिहीत होतो आणि तिला येत होते कानडीत.

बालभारती कानडीतही पुस्तकं काढते हे मला माहीत नव्हतं. जतच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो कंडक्टर, अजून नोकरीत. त्यानं गणिताचं कानडी पुस्तक मिळवलं आणि गाडीवर टाकून दिलं. मिरजेला गाडी बदलून तिसऱ्या ड्रायव्हरच्या हातून ते माझ्यापर्यंत आलं. मग आमची शिकवणी सुरू झाली ती अशी की ती पुस्तक वाचून मला मराठीत सांगणार, मी गणित कसं सोडवायचं ते सांगणार, आणि लिहिणार तीच. त्या नादात मी कानडी आकडे शिकलो. आणि तिचं नाव वाचायला शिकलो. दोन हंगाम ते तिच्या वहीवर, पाटीवर, एकदा कोपीच्या दारातल्या मातीतही बघितलं होतं. बाकी कानडी मला आजही येत नाही.

तिसऱ्या हंगामाला, म्हणजे 2024च्या दिवाळीनंतर, पोरगी सहावीत होती. आता संध्याकाळच्या शिकवणीनं भागेना. मी म्हटलं, हिला इथल्या शाळेत नीट घालू. दुपारची खिचडी तरी मिळेल, आणि पोर दिवसभर फडाच्या बांधावर धाकट्या भावाची झोळी हलवत बसायची नाही.

शाळेतले सर चांगले होते. म्हणाले, 'बसवा की वर्गात, माझी काय हरकत? पण नाव घेता येणार नाही.' का? तर तिचा ऑनलाइन नंबर जतच्या शाळेकडं. इकडून विनंती पाठवायची, तिकडून ती मान्य व्हायची, मग नाव इकडं दिसणार. तोवर ती शाळेत बसली तरी शाळेत नाही. खिचडीचे तांदूळ पटावर येतात. सर म्हणाले, 'एका पोराचं काही वाटत नाही हो, पण टोळीची नऊ पोरं आहेत.' विनंती गेली. आठवडा गेला. जतकडून काही नाही.

मी शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम छापून घेतलं. त्यात स्पष्ट लिहिलंय की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही. कायदा 2009चा, लागू 1 एप्रिल 2010पासून. म्हणजे ही पोरगी जन्मायच्या आधीपासून तिचा हक्क तयार होता. तो कागद घेऊन तालुक्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूंनी तो शांतपणे वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, 'कायदा बरोबर आहे काका, पण पोर्टल घेत नाही.'

हे वाक्य मी पुढं बऱ्याच जणांना ऐकवलं. सगळे हसतात. मीही हसतो.

तेवढ्यात झालं काय, ओढ्याच्या अलीकडचा ऊस संपला आणि टोळी पलीकडं गेली. अर्ध्या किलोमीटरचा प्रश्न. कोप्या मोडल्या, टायरगाडीवर घातल्या, पाण्यातून गाडी नेली, पलीकडं परत उभ्या केल्या. पोरांना वाटलं सहल. पण जिल्हा बदलला. आमच्या बाबूंनी सांगितलं, 'आता हे आमच्याकडं येत नाही.' पलीकडच्या ऑफिसात म्हणाले, 'सातारच्या शाळेनं विनंती टाकलीय ना? मग ती आधी रद्द करून आणा.' मी म्हटलं, साहेब, पोरगी मूळची सांगली जिल्ह्याचीच, आता राहतेही सांगली जिल्ह्यात, हे तर तुमचंच लेकरू. ते म्हणाले, 'हो, पण रेकॉर्डला ती साताऱ्याच्या वाटेवर आहे.' खरोखर असं म्हणाले. पस्तीस वर्षं मी गाड्या सोडल्या. कराड-जत गाडी सातारा जिल्ह्यातून निघते आणि सांगली जिल्ह्यात शिरते, तेव्हा तिला कुणी वाटेत थांबवून विनंती रद्द करून आण म्हणत नाही. गाडी जाते. एसटीला लोक काय काय बोलतात, पण एवढं तरी आम्हाला जमत होतं.

रद्द करायला अलीकडच्या सरांकडं गेलो तर सर निवडणुकीच्या कामाला. ते आले तर पासवर्ड चालेना. पासवर्ड चालला तर रेंज नाही. ही प्रत्येक अडचण खरी होती, कुणी मुद्दाम केलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. एखादा खाष्ट माणूस अडवत असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. सगळे मला चहा पाजत होते.

या सगळ्यात डिसेंबर गेला. आणि जानेवारीत तो मंगळवार आला. शाळेत बसणं बंद झालं होतं, म्हणून पोरगी आईबरोबर फडात. आई मोळी बांधत होती, हिनं कोयता घेतला. घेतला म्हणजे नेहमीच घ्यायची, हे मला तेव्हा कळलं. वाढे छाटताना बोटावर बसला. कारखान्याच्या चिटबॉयच्या मोटारसायकलवरून तिला आरोग्य केंद्रात नेलं, मला फोन आला, मी पोचलो तेव्हा डॉक्टर बाई टाके घालत होत्या. पोरगी रडत नव्हती. दात आवळून भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत होती. मधेच मला म्हणाली, 'अज्जा, डावा हात आहे. लिहायला येतंय.' धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. सरकारी दवाखान्यात 2023च्या ऑगस्टपासून पैसे घेत नाहीत, पण केसपेपर देतात. सवयीनं मी त्याची झेरॉक्स काढली आणि फायलीत लावली. नियंत्रकाच्या नोकरीत एक खोड लागते, कागद टाकायचा नाही.

त्यानंतर मी ठरवलं की फोन आणि पोर्टल पुरे झालं, सरळ जतला जायचं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. मिरजेला गाडी बदलली, कवठेमहांकाळ गेलं, जत आलं, तिथून पुढं पूर्वेला आणखी एक गाडी. शेवटचे दोन किलोमीटर एका मेंढपाळाच्या पोरानं मोटारसायकलवर सोडलं. दोन शिक्षकांची शाळा. पहिली ते सातवी. अंगण झाडलेलं, भिंतीवर एका बाजूला कानडी मुळाक्षरं, दुसऱ्या बाजूला सावित्रीबाई. बाई वर्ग घेत होत्या. वय असेल पस्तीसेक. मला बघून पहिलं वाक्य, 'साहेब, तपासणीला आलाय का?' मी म्हटलं, नाही, तुमच्या एका पोरीचं विचारायला आलोय. नाव सांगितलं. बाईंचा चेहरा खुलला. 'कशी आहे ती? हुशार आहे हो. तिच्यासारखा हिशेब माझ्या वर्गात कुणाचा नाही.' मला बरं वाटलं. बाई चहा सांगायला बाहेर गेल्या.

टेबलावर हजेरीपत्रक उघडं होतं. मी मुद्दाम बघायला गेलो नव्हतो. पण मला कानडीतलं एकच नाव वाचता येतं आणि तेच समोर होतं. आणि आकडे येतात. मी बोट नावावर ठेवलं आणि ओळीनं सरकवत नेलं. तारखांच्या खाली खुणाच खुणा. नोव्हेंबरपासूनची मागची पानं उघडली. एखाददुसरा खाडा, तोही शोभेसाठी घातल्यासारखा. बाकी पोरगी रोज शाळेत. आमच्या ओढ्याला कोपी लागली त्या दिवशी शाळेत. टोळी पलीकडं गेली त्या दिवशी शाळेत. मी फायलीतला केसपेपर काढला, तारीख बघितली, परत रजिस्टरात बघितली. हजर.

एसटीत आमच्याकडं आरक्षणाचा तक्ता असायचा. तक्त्यावर नाव आणि सीट मोकळी दिसली की कंडक्टर खाली उतरून नाव घेऊन हाका मारायचा, मगच गाडी सुटायची. इथं तीन महिने सीट मोकळी, आणि तक्ता म्हणतोय प्रवासी बसलाय.

बाई चहा घेऊन आल्या. मी केसपेपर त्यांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, बाई, या तारखेला ती माझ्या समोर टाके घालून घेत होती. त्यांनी कागद वाचला. रजिस्टर बंद केलं. मग म्हणाल्या, 'हात बरा आहे ना तिचा?' मी म्हटलं, हात बरा आहे, पण हे काय आहे?

त्यानंतर बाई जे बोलल्या ते मी शक्य तितकं तसंच लिहितो. म्हणाल्या, 'सलग महिनाभर गैरहजर दाखवली की ती शाळाबाह्य. शाळाबाह्य म्हटलं की नोटीस मला. तिला शोधून आणा, नाहीतर कारण द्या. कारण सगळ्यांना माहीत आहे, पण ते लिहायचा रकाना नाही. नाव काढून तुमच्याकडं पाठवलं की पट कमी. 30 सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची संचमान्यता होते, पट घसरला की दोनाचा एक शिक्षक होतो. एक शिक्षक आणि सात वर्ग. 2023 साली वीसच्या आतल्या शाळांच्या समूहशाळा करायचं पत्र निघालं होतं, आठवतं? पुढची शाळा सहा किलोमीटर. मग ज्या पोरी जात नाहीत, घरी आजीजवळ राहतात, त्यांनी काय करायचं?' मग उठून कपाट उघडलं. आत टोळीबरोबर गेलेल्या सगळ्या पोरांचे गणवेश आणि पुस्तकं, प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलेली. 'नाव काढलं असतं तर हे आलं असतं का?'

मी म्हटलं, पण इकडं तिला घेत नाहीत, कारण तुम्ही सोडत नाही. बाई म्हणाल्या, 'सोडलं तर तुम्ही एप्रिलमध्ये परत पाठवाल? पट्टा पडला, हंगाम संपला की ही माणसं रात्रीत गाडी भरून निघतात. दाखला कोण आणणार? मागं एकाचं नाव सोडलं, तो पोरगा दोन्हीकडं नाही राहिला. आता पंक्चर काढतो, जतच्या स्टँडजवळ.'

मी जाताना मनात तक्रारीचा मसुदा जुळवत गेलो होतो. परत येताना बसमध्ये तोच मसुदा पुढं नेता येईना. पण म्हणून बाईंचं पटलं असंही नाही. बाई प्रेमळ आहेत, कपाट मी डोळ्यांनी बघितलं, चहाही प्यायलो. तरीसुद्धा ती खूण खोटी आहे. त्या खोट्या खुणेमुळं सांगलीच्या कुठल्याच कागदावर ही पोरगी हरवलेली नाही. आणि जे हरवलेलं नाही ते शोधायला कोण येणार? शाळाबाह्य पोरांचं सर्वेक्षण दर वर्षी होतं, त्यात ती सापडणार नाही, कारण ती हजर आहे. कवठेमहांकाळ येईपर्यंत बाईंचा राग आला होता. मिरजेला उतरलो तेव्हा राग ओढ्यापलीकडच्या ऑफिसावर गेला. घरी पोचलो तेव्हा स्वतःच्या जिल्ह्यावर.

कारण आमचा जिल्हा कर्मवीरांचा. शाळांतून, समारंभांतून भाऊराव पाटलांचा फोटो असतो, मी स्वतः रयतेच्या शाळेत शिकलो. 1919 साली काल्याला रयत शिक्षण संस्था निघाली, ते काले आमच्यापासून लांब नाही. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली, आणि पैसा संपला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडून त्यांना जेवू घातलं. हे आम्ही भाषणात सांगतो, पाठ सांगतो. आणि त्याच मातीत नऊ पोरांच्या खिचडीला पट आडवा येतो. मागं एका कार्यक्रमात मला चार शब्द बोलायला लावलं तेव्हा मी हे बोललो. टाळ्या पडल्या. नंतर मंचावरच्या एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, 'छान बोललात, पण जरा सकारात्मक ठेवा.'

ज्यांना असं काही करायचंय ते मला विचारतात, काय करायचं? माझं सांगणं एकच की 26 जानेवारीला येऊ नका. त्या दिवशी कोपीवर बिस्किटांचा ढीग असतो आणि पोरांना फोटोसाठी तीनदा ओळीनं उभं करतात. एखाद्या साध्या सोमवारी या. एकच पोर घ्या, पण पुढच्या वर्षी परत ओळखा. आईबापाशी आधी बोला, मुकादमाशी त्याहून आधी, कारण पोरगी दोन तास मोकळी राहील की नाही हे शेवटी तो ठरवतो. पुस्तकापेक्षा चप्पल आधी लागते. आणि कागद जपा, प्रत्येक कागदाची झेरॉक्स. इंग्रजी शिकवायला फार लोक येतात, कुणाला वाईट वाटेल, पण दवाखान्याच्या रांगेत उभं राहणारा माणूस जास्त उपयोगी पडतो. बालरक्षक म्हणून काही शिक्षक स्वतःहून या पोरांच्या मागं फिरतात, त्यांना जाऊन भेटा. ते एका संध्याकाळी जे सांगतील ते मला तीन हंगामांत कळलं.

मी पहिल्यापासून म्हणत आलो होतो की पोरांना टोळीबरोबर आणूच नये. सरकारची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. नाव वसतिगृह, अनेक ठिकाणी पोरं झोपतात आजीकडं आणि जेवतात शाळेत, पण गावातच राहतात हे खरं. पुढं 2021 साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं 82 वसतिगृहं मंजूर झाली, 41 तालुक्यांत, मुलांचं एक आणि मुलींचं एक. ते तालुके मराठवाड्यातले, नगर-नाशिक-जळगावकडचे. मी पोरीच्या आईला म्हटलं, कुठंतरी वसतिगृह बघू, ही तिथं राहील, शिकेल. आई भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, 'अण्णा, बारा वर्षांची पोर मागं ठेवली तर माणसं काय म्हणतात माहीत आहे का? लग्न करून दे म्हणतात. लग्न केलं की कोयता होतो, उचल मिळते. माझं तसंच झालं. डोळ्यासमोर आहे तवर कुणी विचारत नाही.' म्हणजे मी ज्याला शिक्षणातून बाहेर काढणं म्हणत होतो, ती तिच्या आईची राखण होती. मग पोरीला विचारलं. ती म्हणाली, वसतिगृहात भावाला घेतात का? भाऊ तीन वर्षांचा. घेत नाहीत म्हटल्यावर तिनं विषय बंद केला.

आता वसतिगृहाचं विचारलं की मी आधीसारखं तडक उत्तर देत नाही. कधी वाटतं हवंच, कितीही रडली तरी ठेवायला हवं होतं, मोठी झाली की कळेल. कधी वाटतं, आम्ही कोण? आमच्या गटातल्या शिक्षिका बाई आणि मी यावरून भांडलो. त्या म्हणतात, तुम्ही फार हळवे झालात. असेन. पण बोटाला टाके घेताना जी पोरगी रडली नाही, ती भावाचं नाव निघाल्यावर रडली. ते मी बघितलं, त्यांनी नाही.

त्या हंगामात पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. फेब्रुवारीत पलीकडच्या शाळेतल्या एका मॅडमनी कुणाला न विचारता पोरीला वर्गात बसवलं, खिचडीही दिली. हिशेब कसा बसवला ते मी विचारलं नाही. म्हणजे तिथंही एक खोटी खूण असणार. तिचा मला राग आला नाही, याची मला गंमत वाटते. मार्चमध्ये पट्टा पडला. बाईंनी म्हटलं होतं तसंच झालं, रात्रीत गाडी भरून टोळी निघाली. सकाळी गेलो तर चुलीचे दगड. मे महिन्यात जतहून फोन आला, पोरगी सहावी पास. गणितात चांगला दर्जा. कपाटातला गणवेश तिला झाला, थोडा आखूड.

या दिवाळीला मी वाट बघत होतो. टोळी आली, पण दुसरी, बीडकडची. आमच्या मुकादमानं यंदा उचल दुसऱ्या कारखान्याची घेतली होती. फोन लावत राहिलो, महिन्यानं बापानं उचलला. ते सीमेपलीकडं, अथणीच्या बाजूला. कर्नाटक. मी क्षणभर खूश झालो. म्हटलं, चला, आता भाषेची तरी अडचण नाही. तिथल्या गावची शाळा कानडी, पुस्तक कानडी, मास्तर कानडी, आणि शाळा कोपीपासून हाकेच्या अंतरावर. पोरगी फोनवर आली. पहिलं विचारलं, 'अज्जा, तुझं कानडी किती झालं?' मग सांगितलं की शाळेत गेली होती, वर्गात बसली, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांनी नंबर विचारला. महाराष्ट्रातला नंबर तिथं चालत नाही, त्यांचं पोर्टल वेगळं, त्यांना दाखला हवा.

जतच्या बाईंना फोन केला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'राज्याबाहेर नाव सोडलं तर मला परत घेता येईल का, तेवढं विचारून सांगता का कुणाला?' विचारतोय. दोन ऑफिसांत विचारून झालं, एकानं लेखी मागितलंय. अथणी-जत मार्गावर कर्नाटकची गाडी चालते, तिच्या कंडक्टरची ओळख काढलीय. दाखला मिळाला तर त्याच्या हातून जाईल. नाही मिळाला तर सातवीचं गणिताचं पुस्तक जाईल, ते मी आणून ठेवलंय.

काल तिच्या बापाचा परत फोन आला होता. त्याला फक्त विचारायचं होतं की तिकडच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरला पैसे पडतात का. मी विचारलं, का रे, काय झालं? तर म्हणाला, काही नाही, धाकट्याला ताप आहे.